व्हिसा तिचा, कागद कुणाच्या हातात?

पूर्वी डोंबिवलीत ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘स्टेट्सला असतो’ हे ठरलेलं उत्तर असायचं. आता फडके रोडवरच्या गप्पांत म्युनिक, बर्लिन, फ्रँकफुर्ट ही नावं कर्जत-कसाऱ्याइतक्या सहजपणे येतात. ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या टिळक चौकात, डोंबिवलीच्या पेंडसेनगरात सोसायटीमागून सोसायटी अशी घरं सापडतील, की जिथली एक तरी खोली लेक-जावई किंवा मुलगा-सून जर्मनीला गेल्यामुळे रिकामी आहे. मग लग्न होऊन नवी नवरी तिकडे जाते. वर्षा-दोन वर्षांत गोड बातमी येते आणि इकडची आई ‘बाळंतपणाला’ म्हणून बॅगा भरायला लागते.

महिला मंडळाच्या कामामुळे अशा अनेकजणींशी माझं बोलणं होतं. कौतुक वाटतं ते त्यांच्या तयारीचं. गोडा मसाला किती, भाजणी किती, बाळाची दुपटी किती, बॅगेचं वजन किती, सगळं तोंडपाठ. पण ‘व्हिसा किती दिवसांचा आहे हो?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘ते जावयांनी बघितलंय.’ नव्या नवरीला विचारावं, ‘तुझा परवाना कुठल्या प्रकारचा?’ तर ती म्हणते, ‘त्यांनाच माहीत.’ शिकलेल्या, नोकरी केलेल्या, बँकेचे व्यवहार करणाऱ्या बायकासुद्धा या एका बाबतीत डोळे मिटून सही करतात. मैत्रिणींनो, आज याच विषयावर थोडं स्पष्ट बोलायचं आहे. कारण परक्या देशात आपण कुणाची आई, कुणाची बायको म्हणून जातो खऱ्या, पण तिथला अधिकारी पासपोर्टवरचं नाव वाचतो ते आपलं.

आधी आयांचा मुद्दा घेऊ. जर्मनीला पाहुणी म्हणून जायचं तर ‘शेंगेन’ व्हिसा लागतो. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं छोटंसं गाव. तिथे १९८५ मध्ये करार झाला आणि आज २९ देश त्यात आहेत. या सगळ्या देशांत मिळून आपल्याला कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ‘तीन महिने’ नाही बरं का, ९० दिवस! आणि उतरल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही मोजायचे. विमान रात्री अकराला उतरलं तरी तो एक दिवस झाला. समजा, तुम्ही १ मार्चला उतरलात. तर २९ मे हा तुमचा नव्वदावा दिवस. ‘मार्च, एप्रिल, मे म्हणजे ३१ मेपर्यंत’ असा हिशेब केलात तर दोन दिवस बेकायदा राहिलात. सलग ९० दिवस राहून परत आलात, तर पुन्हा जाता येईल २८ ऑगस्टला, त्याआधी नाही. आणि तेही व्हिसा तोवर चालू असेल आणि पुन्हा प्रवेशाची मुभा असेल तरच.

पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर तीन गोष्टी प्रत्येकीने स्वतः वाचाव्यात. पहिली, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. दुसरी, किती वेळा प्रवेश. तिसरी, किती दिवस मुक्काम. बऱ्याचजणी फसतात त्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत. तारखांमधलं अंतर पुष्कळदा मुक्कामाच्या दिवसांपेक्षा जास्त असतं. प्रवास थोडा पुढे-मागे झाला तर सोय म्हणून ते दिलेलं असतं. ते अंतर म्हणजे राहण्याची परवानगी नव्हे. दुसरी ओळही महत्त्वाची. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल आणि मुलगी म्हणाली, ‘आई, चल, चार दिवस लंडनला मावशीकडे जाऊन येऊ’, तर सावध! इंग्लंड शेंगेनमध्ये नाही. तिकडे गेलात की जर्मनीचा दरवाजा मागे बंद झाला. स्वित्झर्लंडला मात्र खुशाल जा. तो युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे.

‘चार दिवस जास्त झाले तर कोण बघतंय?’ असं म्हणणारे सल्लागार प्रत्येक सोसायटीत असतात. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजावे लागायचे, एखादा पुसट शिक्का निसटायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवायचे, येण्या-जाण्याची तारीख यंत्रात. म्हणजे दिवसांचा हिशेब आता यंत्रच करतं. एकदा नाव त्या यादीत गेलं, की पुढचा व्हिसा अवघड. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला जायचं असेल तर त्याच्या बारशाच्या वेळी दोन दिवस आधी निघालेलं बरं.

आता बाळंतपणाचं गणित. जर्मनीत नोकरी करणाऱ्या बाईला प्रसूतीआधी ६ आणि नंतर ८ आठवडे संरक्षित रजा असते. एकूण १४ आठवडे, म्हणजे ९८ दिवस. आजीकडे मात्र ९०. त्यामुळे सातव्या महिन्यातच धावत जाऊन बसण्यात अर्थ नाही. बाळंतपण लांबलं तर ऐन सव्वा महिन्यात आजीला परतावं लागेल. मला भेटलेल्या दोन घरांनी छान तोड काढली होती. आधी आई गेली, तिचे दिवस संपत आल्यावर विहीणबाई. दोघींनी मिळून सहा महिने भागवले. त्यासाठी दोघींना आपापसांत बोलावं लागलं, आणि तोही एक फायदाच झाला! शिवाय तिथे सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघते, तो खर्च आरोग्य विम्यात बसतो. लेकीला ही सोय गरोदरपणातच शोधून ठेवायला सांगा. तिची पद्धत वेगळी असेल. ती धुरी देणार नाही, टाळू भरणार नाही. पण तिच्याशी भांडू नका, तिलाही बाळाचं भलंच हवं असतं.

बॅगेबद्दलही दोन शब्द. तूप, खवा, चक्का, पनीर असे दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून सामानात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. नारळाला मात्र आडकाठी नाही! तेव्हा डिंक, खारीक, सुंठ इथून न्या आणि तूप तिथल्या लोण्याचं कढवा. आपली रोजची औषधं तीन महिने पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवा.

व्हिसाला किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा आहे. तो सगळेच काढतात, वाचत कुणी नाही. बीपी, शुगर, गुडघे ही आपल्या वयाची सोबत. आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च बऱ्याच पॉलिसींत वगळलेला किंवा अगदी मर्यादित असतो. स्वस्त पॉलिसीत वाचवलेले हजार-दोन हजार तिथल्या एका रात्रीच्या इस्पितळात कुठल्या कुठे जातात, आणि तो भार शेवटी लेकीच्या संसारावर पडतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. शिवाय पूर्वी नकार आला तर जर्मन दूतावासाकडे ‘पुन्हा विचार करा’ असा अर्ज देता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एकतर नव्याने अर्ज आणि नव्याने फी, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दाद. म्हणून पहिलाच अर्ज नीट हवा. एजंटाने ‘टूरिझम लिहू, सोपं पडतं’ म्हटलं तरी ऐकू नका. लेकीकडे जाताय तर लेकीकडेच लिहा. सीमेवर अधिकारी विचारतो ‘कशासाठी आलात?’ आणि तुम्ही खरं तेच सांगणार. कागदावर एक आणि तोंडात दुसरं, असं व्हायला नको.

चांगली बातमीही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडा सैल झाला. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमाने वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. अर्थात ९० दिवसांची मर्यादा तिथेही सुटत नाही. आणि १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर जर्मनीत कुशल कर्मचारी म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला असेल, तर अशा मुला-मुलींना आता आई-वडिलांना कायमचं राहायला नेण्याची वाट खुली झाली आहे. जोडीदारही तिथे कायम राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही. अट मोठी आहे. त्यांचा सगळा खर्च आणि मुख्य म्हणजे आरोग्य विमा भागवता आला पाहिजे. उतारवयात तिथला विमा मिळणं हेच कठीण. तेव्हा ‘घर विकून तिकडेच जाऊ’ असा निर्णय कुणाच्या तोंडच्या बातमीवर घेऊ नका.

इथवर झाला आयांचा हिशेब. चुकला तर मनस्ताप होतो, पैसे जातात, पण आई आपल्या घरी परत येते. लेकीचं तसं नसतं. तिचं घरच तिकडे असतं आणि तिच्या राहण्याचा कागद नवऱ्याच्या कागदाला बांधलेला असतो.

लग्नात पत्रिका बघतो, पगार विचारतो, हल्ली फ्लॅटचं कर्जही विचारतो. ‘जावईबापू, तुमचा परवाना कुठल्या प्रकारचा?’ हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण त्यावर मुलीचं पुष्कळ अवलंबून आहे. जर्मनीत बायको म्हणून राहायला जायचं तर एरवी जर्मन भाषेची पहिली पायरी, ‘ए-वन’ परीक्षा, आधी पास व्हावी लागते. नवरा ‘ब्लू कार्ड’वर असेल तर ही अट नाही. पण माझं सांगणं असं, की अट नसली तरी भाषा शिकूनच जा. मॅक्सम्युलर भवनला शक्य नसेल तर जवळच्या क्लासला जा, पण जा. भाषा येत नसेल तर डॉक्टर, बँक, शेजारीण, पोलीस, सगळ्यांशी नवराच बोलणार. संसार सुखाचा असेल तोवर ते गोड वाटतं. आणि हेही ठाऊक असू द्या, की जर्मनीत अशा परवान्यावर गेलेल्या बायकोला नोकरी करायची मुभा आहे. ‘डिपेंडंटला तिथे काम करता येत नाही’ असं सांगून घरी बसवलेली एक इंजिनीअर मुलगी मला माहीत आहे. दोन वर्षं तिने ते खरं मानलं. अमेरिकेच्या काही व्हिसांचा नियम ऐकून कुणीतरी तो जर्मनीला लावला होता, आणि तिने कागद कधी वाचलाच नव्हता.

आता जे सांगते ते लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीच्या आईने कात्रण काढून ठेवावं. पती-पत्नी म्हणून जर्मनीत तीन वर्षं कायदेशीर एकत्र राहिल्यावर संसार मोडला, तरी बायकोला स्वतःच्या नावावर राहण्याचा परवाना मागता येतो. आधी वर्षभराचा, पुढे अटींनुसार वाढवता येणारा. तीन वर्षं झालेली नसली तरी घरात मारहाण, छळ असेल तर त्या देशाचा कायदा ही मुदत माफ करू शकतो. म्हणजे ‘घराबाहेर पडलीस तर तुला उद्याच इंडियात पाठवतील’ ही धमकी खोटी आहे. आमच्याकडे आलेल्या मुलींनी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. तिथे छळाला तोंड देणाऱ्या बायकांसाठी ११६०१६ ही मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालते, इंग्रजीतूनही बोलता येतं. नंबर मुलीला पाठ करायला लावा. लागू नये, पण असू द्या.

दुसरा नियम याहून घातक, कारण तो आपल्या चांगुलपणावर उलटतो. जर्मनीचा परवाना असलेली व्यक्ती सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिली, तर परवाना एरवी आपोआप संपतो. ब्लू कार्डवाल्यांच्या कुटुंबाला ही सवलत बारा महिन्यांची. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. गणपतीला म्हणून नवरा बायकोला घेऊन आला. आठ दिवसांनी ‘ऑफिसचं काम निघालं, तू राहा थोडे दिवस’ म्हणून एकटा गेला. तिचा पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड त्याच्याच बॅगेत. मग फोन कमी झाले, मग बंद. माहेरची माणसं म्हणतात, दसऱ्यानंतर बोलू. दिवाळीत व्याही येतील तेव्हा समजूत घालू. लग्नसराईत नको, घरात दुसरं कार्य आहे. संक्रांत होऊ दे. असं करत होळी येते. गणपती ते होळी, सहा महिने! आपण वाट बघत असतो अब्रूसाठी, आणि तिकडे मुलीचा हक्क संपलेला असतो. नवऱ्याला काहीच करावं लागत नाही. आपणच थांबलो, एवढं त्याला पुरतं.

थांबू नका. संसार जुळवायचा प्रयत्न जरूर करा, पण कागदाचं काम त्याच आठवड्यात सुरू करा. पासपोर्ट नवऱ्याचा नसतो, सासऱ्याचा नसतो. कायद्याने तो भारत सरकारचा असतो आणि जिच्या नावाने दिला तिनेच तो बाळगायचा असतो. अडकवून ठेवला असेल तर पोलिसांत तक्रार द्या आणि नवा मागा. ठाण्यात वागळे इस्टेटला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. मुलगी जर्मनीत असेल तर बर्लिनचा दूतावास आहे, फ्रँकफुर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला आपले वाणिज्य दूतावास आहेत. छळाची तक्रार ‘जिथे घडलं तिथेच करा’ म्हणून कुणी परत पाठवलं, तर सांगा, सासरहून हाकललेली बाई जिथे आसऱ्याला आली तिथेही तक्रार करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ विवाहांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे. पळून गेलेल्या नवऱ्याचा पासपोर्ट जप्त करण्याची तरतूद पासपोर्ट कायद्यात आहे.

सरकारनेही हात झटकून चालणार नाही. परदेशस्थ भारतीयांच्या लग्नांची नोंद सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस केली. एवढ्या मुलींची आयुष्यं टांगणीला असताना ही ढिलाई का? पण तो कायदा येईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते तरी करू. लग्नाची नोंदणी आपल्या महापालिकेत होते. ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, मुलगी विमानात बसण्याआधी ते प्रमाणपत्र तिच्या हातात हवं. आणि त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळायला हवं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. माहेरचं ठेवायचं तर सगळीकडे माहेरचंच, बदलायचं तर सगळीकडे बदला. आधारवर एक, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, अशी आपल्या बायकांची त्रिस्थळी यात्रा असते. परदेशात ती फार महागात पडते.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये एकट्या बोटीने अमेरिकेला गेल्या. तेव्हा आजच्यासारखा व्हिसाचा खटाटोप नव्हता. अडवणारी होती ती आपलीच माणसं, समुद्र ओलांडला म्हणून बोट दाखवणारी. जाण्याआधी आनंदीबाईंनी सेरामपूरला सभेत उभं राहून ‘मी अमेरिकेला का जाते’ हे स्वतःच्या तोंडाने, तेही इंग्रजीत, सांगितलं. वय होतं जेमतेम अठरा. पुढे डॉक्टर होऊन त्या परतल्या. त्यांच्या गावच्या लेकींनी आज व्हिसाच्या खिडकीशी ‘ते ह्यांना विचारा’ म्हणावं, हे काही बरं नाही.

एक सुचवते. आपल्या मंडळाच्या भिशीला किंवा हळदीकुंकवाला एक दुपार या विषयासाठी ठेवा. ज्या जाऊन आल्यात त्यांनी आपला पासपोर्ट आणावा आणि त्यावरचा व्हिसा बाकीच्यांना वाचून दाखवावा. मुलींना जर्मनीला देताना दागिन्यांच्या डब्यासोबत एक फाइल द्या. पासपोर्ट, व्हिसा, विवाह प्रमाणपत्र, पदवी, विमा, या सगळ्यांची एक झेरॉक्स तिच्याकडे, एक तुमच्या कपाटात. तिकडे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते. त्या कार्यालयात तिने स्वतः जावं. परवान्याचं कार्ड मिळेल ते तिच्याच पर्समध्ये राहावं, आणि त्याची मुदत कधी संपते हे तिला स्वतःच्या वाढदिवसासारखं पाठ असावं.

जावयावर अविश्वास दाखवा असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक जावई गुणीच असतात, कागदपत्रांची धावपळ बिचारे एकटेच करतात. पण बायकोलाही सगळं ठाऊक असेल तर त्यांचंही ओझं हलकं होईल. नवरा आजारी पडला, नोकरी गेली, तर घर कोण सांभाळणार? जिला नियम माहीत आहेत तीच ना! म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘व्हिसा किती दिवसांचा?’ तर उत्तर आपल्याच तोंडून येऊ द्या, तारखेसकट.